माझ्या वाट्याची रम

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज सुट्टी आहे, ही मुलीकडे कोथरूडला गेली आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. भरतीला निघालो त्याच्या आदल्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही चहा गाळत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिथे रम मिळते म्हणतात. सगळे घेतात म्हणे. आपण त्या सगळ्यांतले नाही आहात." एरवी मला अरेतुरे करणारे तुम्ही त्या दिवशी 'आपण' म्हणालात, तेव्हाच कळलं की ही थट्टा नाही. रविवारी विहारात पंचशील तुम्हीच सांगायचात. पाचव्या शीलाशी, नशेपासून दूर राहण्याच्या शीलाशी आलं की तुमचा आवाज चढायचा, कारण आजोबा दारूनेच गेले होते.

पलटणीत आम्ही सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. पहिलंच पोस्टिंग बर्फातलं. ठरलेल्या संध्याकाळी हातात पत्र्याचा मग घेऊन रांगेत उभं राहायचं, मगात रम पडायची. पी, असं मला कोणी दरडावलं नाही. फक्त मी जवळ गेलो की चाललेल्या गप्पा जरा थांबायच्या. सिगारेट ओढणाऱ्यांना कामातून पाच मिनिटं बाहेर जाता यायचं, मी मात्र फावडं धरून उभा. मला 'पंडित' म्हणायला लागले. पीत नाही म्हणजे ब्राह्मणच असणार, असा त्यांचा समज. पहिल्यांदा मी नुसता हसलो आणि मग मी कोण ते सांगायची वेळ निघून गेली. हे तुम्हाला कधी बोललो नाही.

वाट दाखवली शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताने. तो खडकवासल्याजवळच्या गावचा, आपल्याच बाजूचा. म्हणाला, "रांगेत हुबा ऱ्हा की लेका. घ्यायची आन् माझ्या मगात वतायची. तुझं बी ऱ्हातंय, माझं बी भागतंय." दोघंही पोट धरून हसलो. त्या दिवसापासून मी कोंडाळ्यात बसू लागलो. दोन वर्षं माझ्या वाट्याची रम त्याच्या पोटात जात होती. पुढे सकाळी त्याचे हात थरथरायला लागले. एकदा फायरिंगला त्याला रायफल स्थिर धरता येईना. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कितना पीता है ये?" मी म्हणालो, "साब, जितना मिलता है." खोटं नव्हतं ते. कुणाचं मिळतं, तेवढं मी गाळलं. त्याला दवाखान्यात नेलं, मग कायमचं घरी पाठवलं.

त्यानंतर मी सुट्टीवर घरी आलो, तेव्हा तुम्ही मला विहारात सगळ्यांपुढे उभं केलंत. "फौजेत राहून पोरानं थेंब घेतला नाही," असं तुम्ही दोनदा म्हणालात. टाळ्या वाजल्या. मी हात जोडून उभा. तेव्हाच सांगायला हवं होतं की शील वगैरे काही नाही अण्णा, मला तुमची भीती वाटते.

आता मी निवृत्त आहे, हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर आहे. फौजी कॅन्टीनमधला माझा रमच्या बाटल्यांचा कोटा अजून चालू आहे आणि दर महिन्याला दोस्त तो न्यायला येतो. एकदा मी नको म्हणालो. तो रागावलासुद्धा नाही. "तुझी पीतच म्हातारा झालो. आत्ताच तुला काय झालं?" एवढंच म्हणाला आणि जिन्यात बसून राहिला. दुपारी मी बाटली आणून दिली. न द्यावी तर तो गावठी पितो, द्यावी तर हे असं. त्याची बायको मला भाऊजी म्हणायची. परवा त्याला रक्ताची उलटी झाली म्हणून दवाखान्यात गेलो, तर ती उठून बाहेर गेली. डॉक्टर म्हणाले, "आता एक थेंब नाही." तो डॉक्टरांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

काल त्याला घरी सोडलं. आज सकाळी त्याचा फोन आला, "सोमवारी येतो." मी 'बरं' म्हणालो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते ड्रॉवरमध्येच राहील. सोमवारी मी त्याला नाही म्हणणार आहे, एवढं तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसलो होतो. तेवढं मात्र लिहवत नाहीये.