होरमसजींच्या ‘शिरीन’ची शिडं

अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय संसारात कधी लागली नाही, ती आता कुठं लावून घेऊ? तेव्हा ‘अहो’च.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. उद्या सकाळी मी तुमच्या चित्राला हात लावणार आहे. न सांगता लावला असता तरी तुम्ही काही उठून विचारणार नव्हतात. पण तुमच्या ब्रशांना कुणी नुसतं इकडचं तिकडं केलं तरी तुमच्या कपाळावर आठी यायची. म्हणून आधी सांगते आहे. परवानगी मागत नाही, सांगते आहे.

होरमसजींची ‘शिरीन’ अजून तशीच उभी आहे, तुमच्या खिडकीशी, ईझलवर. आभाळ झालंय, पाणी झालंय, होडीचं अंग झालंय, कोपऱ्यात शर्यतीच्या पंचांची होडी आणि तिच्यावरचं लाल निशाणही झालंय. शिडं तेवढी नाहीत. तुमची रीतच तशी होती. ‘शीड म्हणजे वारा, आणि वारा शेवटी यायचा,’ म्हणायचात. आणि वारा यायच्या आत तुम्ही निघून गेलात. हे काही शोभलं का तुम्हाला?

होरमसजी मधे येऊन गेले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच आले. खुर्चीत बसून चित्र इतक्या जवळून पाहिलं, की मला वाटलं नाकाला रंग लागतो. म्हणाले, “बाई, एक डोळा गेला, दुसरा बी चालला. मला बापाची होडी एकदा बघू द्या.” त्यांच्या वडिलांची ती होडी भंगारात जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. उरलाय तो एक पिवळा पडलेला फोटो आणि म्हाताऱ्याची आठवण. शर्यत साहेबाच्या होडीनं जिंकली हे ते स्वतःच सांगतात. “पन शेवटच्या बोयाच्या, त्या तरंगत्या खुणेच्या, आधी ती पुढे होती. ती घटका काढा.” एवढंच त्यांचं मागणं आहे, आणि मला ते फार रास्त वाटतं. हरलेल्या होडीलाही पुढे असायची एक घटका मिळालेली असते.

तुम्ही जन्मभर असल्याच होड्या काढल्यात. मोडलेल्या, बुडालेल्या, विकून लाकूड झालेल्या. नव्या होडीचं काम आलं की म्हणायचात, ती आहे ना बंदरात, जा आणि बघा की! बाणकोटच्या खाडीवर वाढलेला माणूस तुम्ही. डॉक्टरांनी मुंबईची दमट हवा सोडा म्हणून सांगितलं आणि आपण आलो कुठं, तर लोणावळ्याला, जिथं आषाढात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं! मी तेव्हाच म्हटलं होतं, माझ्या माहेरी तळेगावला राहू, चार-पाच स्टेशनं खाली, हवा कोरडी. पण सासुरवाडीला राहायचं म्हणजे तुमचा मान गेला असता. राहू दे. आता ते उकरून काढून काय उपयोग? पण मला राग आहे त्याचा, तो आहेच.

समुद्रापासून इतक्या लांब, घाटावर बसून समुद्र काढणारा माणूस म्हणून गाव तुम्हाला हसायचं. त्यांना काय ठाऊक तुम्ही काम कसं करता ते. भाद्रपदात आपण जवळच औंढ्याला जायचो, आपल्याकडे भात घालणाऱ्या कोंडाबाईच्या खाचरांच्या बांधावर. उभ्या भातावरून वारा गेला की तुम्ही डोळे बारीक करून म्हणायचात, “बघ, पाण्यावरही असाच पळतो.” कोंडाबाई मला कानात विचारायची, “वैनी, सायब भाताला काय बघत्यात एवढं? कापाया तर येत न्हाई.”

आणि मग त्या होड्या. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणून, फोटोवरून मापं काढून तुम्ही हातभर लांबीची होडी कोरायचात. डोलकाठीला कळकाची काडी. शिडं माझ्याकडे. तुमच्याच जुन्या धोतराचे पट्टे, खऱ्या शिडाला असतात तसे एकाला एक जोडून शिवायचे, भाताच्या पेजेत बुडवून वाळवायचे. पहिल्यांदा मी अख्खा तुकडा एका शिवणीत बसवला, तर तुम्ही उसवायला लावलात. मी चिडले. “चित्रात शिवण दिसणार आहे का?” तर म्हणालात, “शिवण दिसत नाही. शिवणीमुळं शीड कसं फुगतं ते दिसतं.” पुढं मला त्याची इतकी सवय झाली, की दोरीवर वाळत घातलेलं लुगडं फुगलं तरी मी त्याची शिवण कुठं ओढतेय ते बघत उभी राहते. शेजारणी मला काय समजत असतील कोण जाणे.

गेल्या दोन चित्रांतली मागची शिडं मीच रंगवली, आठवतं ना? तुमचा हात कापायला लागला होता. एक दिवस ब्रश माझ्यापुढे धरलात आणि ‘कर’ म्हणालात. मी केलं. तुम्ही बराच वेळ पाहिलंत, मग “बरी आलीत” म्हणून चहा मागितलात. दोन्ही चित्रं मुंबईला गेली, लोकांनी वाखाणली, आणि शिडं कुणी रंगवली हे तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत. पाग्यांनाही नाही. तुमचा एवढा जिवलग मित्र, बरोबरीचा चित्रकार, त्याला तरी सांगायचंत! आज मला एवढं झगडावं लागलं नसतं.

कारण पागे परवाच्या गाडीनं चित्र न्यायला येताहेत. माणूस वाईट नाही. तुमच्या तेराव्याला सगळ्यांत जास्त तेच रडले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही काळजी करू नका. चार दिवसांत पांढरीशुभ्र शिडं टाकून देतो, शेट खूश होऊन जाईल.” पांढरीशुभ्र! शीड पांढरं कधीच नसतं हे मला तुम्ही शिकवलंत. उन्हाच्या अंगाला पिवडीची झाक, सावलीत निळसर करडं, आणि खालच्या कडेला पाण्याचा हिरवा चढलेला असतो. पागे ती शिडं धोब्याकडून आणल्यासारखी काढतील. होरमसजींच्या उरल्यासुरल्या डोळ्यापुढं धोब्याची शिडं ठेवायची?

तेव्हा मी करायचं ठरवलं. तुमची कोरलेली ‘शिरीन’ फळीवरून काढली, शिडं पुन्हा पेजेत घातली आणि तुमच्याच रीतीनं सुरुवात केली. आधी वारा कुठून येतोय ते ठरवायचं. चित्रातलं निशाण डावीकडे फडकतंय, म्हणजे वारा उजवीकडून. त्याप्रमाणे शिडं डावीकडे फुगवून बांधली आणि होडी चित्राशेजारी धरली.

काहीतरी खटकलं. तुमच्या चित्रात ‘शिरीन’ आपल्याकडे पाठ करून बोयाकडे निघालीय आणि उजव्या अंगावर कललीय. अंग उजवीकडे आणि शीड डावीकडे. नवराबायको भांडून दोन दिशांना तोंडं करून बसावीत तसं दिसायला लागलं. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. तुमची चूक असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

म्हणून कोंडाबाईला घेऊन वळवणच्या धरणावर गेले. भर दुपारी, होडी पदराखाली घेऊन. वाटेत दोनचार ओळखीचे भेटले, त्यांनी मान वळवली. नवरा जाऊन अजून वर्ष झालं नाही आणि ही बाई धरणावर निघाली, असंच त्यांच्या मनात आलं असणार. कोंडाबाई तर स्पष्टच म्हणाली, “वैनी, हितं लोक पिंड सोडाया येत्यात. तुमी खेळणं सोडताय व्हय?”

“खेळणं नाही गं. त्यांचं काम आहे.”

“मग सोडा. म्या दोरी धरते.”

तिनं दोरी धरली, मी गुडघाभर पाण्यात उतरले. वारा डावीकडून घेतला, होडी उजवीकडे कलली आणि शीडही उजवीकडेच फुगलं. पलीकडे जाऊन वारा उजवीकडून घेतला, दोन्ही डावीकडे गेली. पाण्यानं पायाला कापरं भरेपर्यंत मी तेच करत राहिले. होडी वाऱ्यापासून लांबच कलते, आणि शीडही तिकडेच जातं. तुम्ही हे मला शंभरदा सांगितलं असेल. म्हणजे चित्रात अंग बरोबर होतं, फेसही बरोबर पडला होता. निशाण चुकलं होतं.

तुमच्याकडून, अहो! ज्या माणसानं दुसऱ्यांच्या चित्रातली उलटी निशाणं दाखवून पाग्यांचा जीव नकोसा केला होता, त्या माणसाकडून.

घरी आले, तुमच्या पलंगावर बसले आणि खिडकीतून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. निशाण वाऱ्यावर कसं बसतं ते दिसावं म्हणून तुम्ही माझ्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी बाहेर कळकाच्या काठीला बांधायला लावली होतीत ना? तीच तुम्ही काढलीत. पण श्रावणात काढलीत. श्रावणात आपल्या खिडकीतून वारा उजवीकडून डावीकडे जातो. शर्यत थंडीतली. नारळी पौर्णिमेआधी शर्यतीची होडी कोण पाण्यात घालतं? आता पौषात तीच पट्टी उजवीकडे तोंड करून फडफडतेय. पाणी आणि होडीचं कलणं तुम्ही पूर्वी मुंबईच्या बंदरावर उभं राहून केलेल्या रेखाटनांवरून काढलंत. निशाण काढायच्या वेळी तुम्हाला पलंगावरून उठवत नव्हतं. खिडकीतून जेवढं दिसलं, तेवढं काढलंत.

तेव्हा मात्र मी रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी लोकांच्या गर्दीत रडता आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी रडले. चुकीसाठी नाही. तुमचं सगळं जग त्या एका चौकटीत येऊन बसलं होतं, आणि मी स्वयंपाकघरात पेज ढवळत होते, म्हणून.

ते निशाण तुमच्या हातचं शेवटचं काम. त्यानंतर तुम्ही ब्रश ठेवलात तो ठेवलातच. लाल रंग अंगठ्यानं पसरवायची तुमची खोड, त्यामुळं निशाणाच्या मधोमध तुमच्या अंगठ्याचा ठसा तसाच राहिलाय. रेषासुद्धा दिसतात. रोज दिवा लावला की मी तिथं एकदा बघते. आता शिडं नीट यायची तर ते निशाण चाकूनं खरवडून काढलं पाहिजे. पाग्यांना पत्रातून विचारलं तर लिहितात, “राहू द्या हो वहिनी. एवढंसं निशाण कोण बघतंय? त्याच्या हातचं शेवटचं आहे.”

आठ दिवस मीही स्वतःला हेच सांगत होते. कोण बघतंय? म्हाताऱ्याला एका डोळ्यानं कितीसं दिसणार? ठसा राहू दे. माझ्यापाशी तुमचं दुसरं काय आहे?

पण मग वाटलं, तुम्ही असतात तर काय केलं असतंत? चाकू मागितला असतात. तोही चिडून, ‘लवकर आण’ म्हणून. तुम्ही उलटं निशाण घरातून बाहेर जाऊ दिलं नसतंत. मग मी ते तुमच्या प्रेमाखातर जाऊ द्यायचं, हे कसलं प्रेम? ठसा जाईल, याचं मला फार वाईट वाटतं आहे. अगदी आत्ता लिहितानाही वाटतं आहे. तरी मी तो काढणार.

चाकूला धार लावून ठेवली आहे. जवसाचं तेल गाळून झालं. ब्रश धुऊन उन्हात वाळवलेत, आणि ते तुम्हाला हवे त्याच क्रमानं लावलेत. उजेड खिडकीत आला की आधी निशाण, मग मोठं शीड, मग पुढचं. परवा पागे आले की त्यांना चहा देईन, पोहे देईन, आणि रिकाम्या हातानं परत पाठवीन. गेल्या दोन चित्रांतली शिडं कुणाची होती तेही सांगीन. रागावतील, रागावू देत. होरमसजींना निरोप धाडायचाय की संक्रांतीनंतर या, दुपारी या, तेव्हा उजेड चांगला असतो.

तुम्हाला एकच वचन देते. शेवटच्या बोयाच्या आधी ‘शिरीन’ पुढे असेल, आणि अख्ख्या चित्रात वारा एकाच बाजूनं वाहील. शिडं चुकली तर कोपऱ्यात माझं नाव घालीन, तुम्हाला बोल लागू देणार नाही. आणि बरोबर आली, तरीही माझं नाव घालीन. तुमच्या नावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

तुमची,
उमा