ओबद्याचा एकच अध्याय

प्रिय मंगल आक्का,

यंदा आमच्या पाळकसाहेबांनी चर्चच्या उपासनेत बायबलातले बारा लहान संदेष्टे वाचायला घेतलेत, दर रविवारी एक. मी ओबद्या मागून घेतला. एकाच अध्यायाचं पुस्तक, आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्यानं वाचून बघायला हवं होतं. पण टिळकवाडीच्या या फ्लॅटमध्ये ऐकायला कोण आहे? लेक म्हणून एक युवराज, तो पुण्याला. त्याचा फोन आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं. कधीकधी दिवसभरात मी फक्त भाजीवालीशी बोललेली असते.

तर रविवारी वाचायला उभी राहिले. अदोम म्हणजे याकोबाच्या सख्ख्या भावाचं कुळ. भावावर संकट आलं तेव्हा ते बाजूला उभं राहून बघत राहिलं, पळणाऱ्यांना वाटेत धरून दिलं, असं ओबद्या त्याला सुनावतो. तिथं माझा आवाजच बंद झाला. लोकांना वाटलं, अक्षर दिसेना. उरलेलं पाळकसाहेबांनी वाचलं.

मला निपाणीचं बसस्टँड दिसत होतं. तू जिनेंद्रबरोबर पळून जायला कोल्हापूरच्या गाडीत बसली होतीस. जैनांच्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणून पप्पांनी तुला दंडाला धरून उतरवलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खाली माझ्या चपलांकडे. पुढच्या वर्षी जिनेंद्रचं लग्न झालं. तू नर्स झालीस, शेवटपर्यंत पप्पांना सांभाळलंस आणि त्याच घरात एकटी राहिलीस. चुगली शेजारच्या राजाबाई मावशींनी केली, असं धरून चाळीस वर्षं त्यांच्याशी बोलली नाहीस.

मावशींना गेल्या आठवड्यात इथल्या सरकारी दवाखान्यात आणलंय. सोमवारी मी गेले. त्यांनी लगेच ओळखलं. मी काही सांगायला गेले, तर माझा हात धरून म्हणाल्या, "मला ठावं हाय गं. तू पप्पांस्नी सांगत हुतीस तवा मी परसात धुणं वाळत घालत हुते." मग आक्काला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आई गेल्यावर तिला तू एकलीच हुतीस. तुलाबी तिनं तोडलं असतं, तर तिला कोण उरलं असतं?"

आक्का, पप्पांना मी सांगितलं. त्यांनी मला विचारलंही नव्हतं. तू गेलीस की घरात मी एकटी पडणार, एवढीच भीती होती. फोनवर हे बोलायचा धीर होईना, म्हणून कुरिअरनं पाठवतेय. डॉक्टर म्हणतात, मावशींच्या हातात चार-आठ दिवसच आहेत. तू माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरीही येऊ नकोस. पण पत्र मिळेल तशी निघ आणि मावशींजवळ जाऊन बस. दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची कॉट. तू असशील तेव्हा मी तिथं येणार नाही.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
रचना