बाबूजींचे मेल उडाल्याबाबत

मुलचेरा

तीर्थस्वरूप रंजीताबाईस,

धाकट्या हेमराजचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे, माझं डोकं सोडून. पोंभुर्ण्याला तू आणि भाऊजी ठीक असाल असं समजतो. पत्र पेनाने लिहितोय, कारण ईमेलचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो. काऊन, ते सांगतो.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने बाबूजींचा गळा खाल्ला आणि नागपुरात ऑपरेशन करून आवाजच काढला, तेव्हापासून ते खाटेवरून ईमेल पाठवत, हे तुला ठाऊकच आहे. (व्हॉट्सअॅप त्यांना पोरखेळ वाटे, त्यात 'विषय' लिहायला जागा नाही. तहसील कचेरीत जन्म गेलेला माणूस!) मी बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलेला आणि टिंग! 'विषय: वांग्याच्या भाजीत मीठ नसल्याबाबत.' लगेच पुन्हा टिंग! 'विषय: वरील प्रकरणी अद्याप कार्यवाही न झाल्याबाबत.' मी कार्यवाही करायचो आणि मेल संग्रहात ढकलायचो (आर्काइव्ह म्हणतात ते, मेल पुसला जात नाही, नुसता नजरेआड होतो). शेवटचा आला तो 'पंखा बंद करणेबाबत'. मी उठून बंद करायला गेलो, तर थंडी वाजणारं कोणी उरलं नव्हतं.

यंदा तो जुना मेल प्रोग्राम बंद होणार अशी सूचना आली, म्हणून मी मोबाइलवर नवा घेतला. त्यात सगळे जुने मेल आले, बाबूजींचेही, जाहिरातींच्या गर्दीत. नव्यात बोटाने एकीकडे सारलं की मेल संग्रहात जातो, दुसरीकडे सारलं की कचरापेटीत. मी नेमकं उलट समजलो. बाबूजींचा एकेक मेल हात जोडून सारला, आणि विम्याच्या, केस उगवण्याच्या जाहिराती जिवापाड जपून ठेवल्या. कळलं तोवर कचरापेटी आपणहून रिकामी झाली होती. बाबूजींना दुसऱ्यांदा पोचवून आलो, बाई. आईला सांगायची हिंमत झाली नाही.

जुना कॉम्प्युटर पोत्यात बांधून एसटीने चंद्रपूरला नेला (कंडक्टर म्हणे, याचंही तिकीट लागन). दुरुस्तीवाले जाहिदभाई म्हणाले, "सर, सारे नाई येनार. सापडन तेवढे काढून देतो." सापडले तेवढे नव्या प्रोग्राममध्ये टाकले. पण ते जुने म्हणून येईनात, रोज एकेक करून आजचेच म्हणून येऊ लागले. आम्ही जेवायला बसलेलो, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि टिंग! 'विषय: चहा अद्याप न मिळाल्याबाबत.' तुझी भावजय सरिता ताट सोडून उठली. आई जागची हलली नाही. "काय म्हनून राह्यले तुये बाबूजी?" मी वाचून दाखवलं. तिने चहा ठेवला, फोटोपुढे कप मांडला आणि म्हणाली, "घ्या. आता बोंबलू नका."

मग ती रोज ऐकायची आणि फोटोशी कडाकडा भांडायची. नवरा जिवंत असताना तिला इतकं बोलायला मिळालं नव्हतं. हळूहळू मेल संपले. आता ती मोबाइल ओटीत घेऊन बसते. घडीघडी विचारते, "रेंज गेली का बाबू?"

भाऊजींना नमस्कार, दिव्यानीला आशीर्वाद.

तुझा
हेमराज

ता. क. – बाबूजी तुलाही लिहीत असत. जे असतील ते सगळे पाठव, रागाचे आधी. तू मात्र कशालाही बोट लावू नको, भाऊजींना पाठवायला सांग.

आणखी ता. क. – जरा घाई कर. परवापासून मीच बाबूजी होऊन लिहितोय. काल लिहिलं, 'विषय: सुगंधाबाईंनी वेळेवर जेवण्याबाबत.' आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी जेवली का नाई, हे त्यायनं जन्मात कधी इचारलं नाई, बाबू." माझी मान खाली. मग तीच मोबाइल माझ्याकडे सरकवून म्हणाली, "वाच ना. पुढं काय लिव्हलं?"