मधला उंचवटा

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. ऑफिसातला पंखा अजून तसाच कुरकुरतो. तुझ्या टेबलावरचा कप धुऊन पालथा घातलाय. तुझी आई फोनवर हवापाण्याचं विचारते आणि ठेवून देते. माझी धाकटी बहीण आणि असं मोजून बोलते! म्हणजे तू घरी सांगितलंस तर.

तुझा राजीनामा मी पुढे पाठवलेला नाही. आधी हे वाच.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना एवढी ऊर्जा मिळते कुठून? मी जन्मभर एकच सांगत आले, की ते बाहेरून आत ढकलले जातात आणि येता येता जोर धरतात. तसं असेल तर त्यांच्या दाटीचा आलेख बाहेरच्या कडेपासून आत उतरत जायला हवा. उपग्रहाच्या मोजणीवरून काढलेल्या तुझ्या आलेखात मधेच उंचवटा होता. म्हणजे तिथल्या विद्युतचुंबकीय लाटाच त्यांना जोर देतात, झोक्याला नेमक्या वेळी हात लावावा तसा. तू किती सोपं करून सांगितलंस. माझ्याच गळी उतरेना.

भर बैठकीत मी म्हणाले, "ही यंत्राची खोड आहे." तू गडबडून म्हणालीस, "मावशी, अगं बघ तरी!" सगळे हसले. मी म्हणाले, "इथे कुणी कुणाची मावशी नाही." तू खाली बसलीस. कान लाल झाले होते तुझे.

एवढ्याचीच माफी मागायची असती, तर फोन केला असता.

बैठकीच्या आदल्याच दिवशी दुसऱ्या उपग्रहाची मोजणी माझ्याकडे आली होती. यंत्र वेगळं, आणि त्याच जागी तोच उंचवटा. मी पाहिला आणि मुकाट्याने फाइल बंद केली. झाकली मूठ सव्वा लाखाची! आकडे लपवायचे नाहीत, हे तुला मीच शिकवलं ना? लोका सांगे ब्रह्मज्ञान. लाज वाटते गं. जेवताना, दात घासताना, कधीही वाटते.

आज सकाळी सगळ्यांना बोलावून दोन्ही आलेख भिंतीवर लावले. मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शोधनिबंध तुझ्या एकटीच्या नावाने जाईल. नोकरी सोडायचीच असेल तर सोड, पण आपलं चुकलं असं समजून सोडू नकोस.

आईला हे वाचून दाखव. माझा धीर होत नाही.

खाली काय लिहू? मॅडम लिहवत नाही, आणि मावशी म्हणवून घ्यायला तोंड उरलेलं नाही.

तू जी हाक मारशील,
ती मी.