वहिनींचा डोस आणि माझी सही

३ मार्च
वहिनींच्या डोसची फाइल नेमकी माझ्या टेबलावर. थायरॉईडच्या कॅन्सरवरचं किरणोत्सारी औषध. मंजूर डब्यातूनच न्यायचं आणि वाहतुकीच्या परवान्यावर सही माझी. दादाचा फोन, जरा लवकर बघ म्हणून. घरचे म्हणून सूट मिळणार नाही, असं ठणकावलं. फार बरं वाटलं.

५ मार्च
डब्याच्या समोरासमोरच्या बाजूंना लेबल हवं. यांनी शेजारशेजारच्या बाजूंना डकवलंय. कंपनीचा माणूस म्हणाला, पाच मिनिटांत बदलतो. म्हटलं, नव्याने अर्ज करा. शिस्त लागली पाहिजे.

११ मार्च
दादाकडे गेलो. डोसच्या तयारीसाठी वहिनींच्या थायरॉईडच्या गोळ्या बंद, जेवण अळणी. पाय सुजलेत, आवाज घोगरा. आवाजावरून थोडी चेष्टा केली. कोणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या परीक्षेच्या वेळी पहाटे उठून चहा करायचे, तेव्हा अर्ज नव्हता मागितला. हा सरळसरळ दबाव. मी बधलो नाही.

१७ मार्च
नवा अर्ज. लेबलं बरोबर. पण डब्याच्या मंजुरीची झेरॉक्स फिकट. वाचता येते, डोळ्यांना ताण पडतो. परत पाठवली. आधीचं औषध म्हणे पडून पडून किरणांचा जोर ओसरला आणि वाया गेलं. कंपनीचा ढिसाळपणा, दुसरं काय.

२४ मार्च
गाठ फुप्फुसात पसरलीये. दादा फोनवर रडला. मलाही गलबलून आलं. संकल्प: उद्या सही करायची आणि वहिनींना स्वतः फोन करायचा. जन्मभर नाव काढतील.

२५ मार्च, सकाळी ११
पेन काढलं. फाइल गायब. हाताखालच्या बाईंनी साहेबांच्या सांगण्यावरून कालच सही केली. मला रेकॉर्ड रूममध्ये हलवलंय. माझ्यावरचा ताण साहेबांच्या लक्षात आला असणार.

२ एप्रिल
डोस दिला. वहिनींच्या अंगातून किरण निघतात, त्यामुळे काही दिवस वेगळी खोली, भेट बंद. अगदी योग्य नियम.

२९ जून
फळं घेऊन गेलो. पुतणीने दार अर्धवट उघडलं. म्हणाली, काका, आईच्या अंगात अजून रेडिएशन आहे, आत येऊ नका. मागे शेजारणीचं तान्हं बाळ वहिनींच्या मांडीवर खिदळत होतं. औषधाचा जोर केव्हाच ओसरला असणार, हे माझ्याइतकं कोणाला कळतं? पण वाद घातला नाही. आतून वहिनींनी विचारलं, कोण आहे गं? पुतणी म्हणाली, कोणी नाही. दार लावून घेतलं.

जिन्यात बराच वेळ उभा होतो. घसा एकदम दाटून आला. थायरॉईड तपासून घ्यायला हवा.