एका फ्रेमपुरता आईचा हात

रविवार, संध्याकाळ

पंधरा दिवस गच्चीवर पांढऱ्या सनमायकाची फळी ठेवली होती. कॅमेरा दर तासाला तिचा एक फोटो काढायचा. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी इथं गुढियारीत आमच्या घरावर कशी बसते, फळी कशी काळी होत जाते, एवढीच माझी फिल्म. आज सगळे फोटो जोडून पाहिले, तर फळी शेवटपर्यंत पांढरीच! काहून? मले काही समजून नाही राहिलं.

मग एकेक फ्रेम पाहिली. एका फ्रेममध्ये आईचा हात दिसला. ओलं फडकं धरलेला.

"आई, तू फळी पुसत होती?"

"हव, रोज. तुयं सामान काळं होऊन राहिलं होतं, मले पाहवलं नाही."

मी ओरडलीच तिच्यावर. आता वाटते, फिल्म बिघडली का हीच फिल्म आहे? तो हात थांबवून पाहिला तरच दिसते. फिल्म चालवली की पापणी लवायच्या आत गेला.

शेवटी आईलेच दाखवली. चष्मा लावून तिनं पूर्ण पाहिली.

"मी तं रोज होती," ती म्हणाली. "यात कुठं आहे?"