ट्रंकेच्या दोन मुठी

१४ सप्टेंबर १९०३
आज वेल्टन कॉलेजच्या फुटबॉल संघात घेतलं. वजन ११८ पौंड. बाकीच्यांपेक्षा किंचित कमी. डोकं सांभाळायला चामडी टोपी वापरणार नाही. जूनपासून केस कापलेले नाहीत, तीच गादी. वडिलांना कळवलं, की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत स्वेटरवर लावायला कॉलेजचं मानाचं अक्षर मिळालं नाही, तर निमूटपणे घरी येऊन तुमच्याजवळ बसून घोड्यांचे साज शिवीन. लिहायला काय जातं! मिळणारच.

२ ऑक्टोबर
कोच गँट्झसाहेबांनी माझ्यासाठी खास डाव आखला. माझ्या पँटला कमरेपाशी दोन चामडी मुठी लावायच्या. संघातल्या दांडग्या केसलर आणि स्ट्राउडने त्या धरून मला, पोटाशी धरलेल्या चेंडूसकट, समोरच्यांच्या डोक्यांवरून पलीकडे फेकायचं. हा टटलच का, असं केसलरने विचारलं. साहेब म्हणाले, हाच एका हाताने उचलला जातो. सगळे हसले. मत्सर.
मुठी साहेबांनी स्वतःच्या ट्रंकेच्या काढून दिल्या. मीच शिवल्या. मेणाचा दोरा, दुहेरी टाका.

१० ऑक्टोबर
पहिला सामना. चार वेळा फेकला गेलो. अकरा यार्ड मिळवले. दोन दात गेले. मागचे, दिसत नाहीत. समोरच्या एकाच्या कानाचा तुकडा पडला. स्ट्राउडची बरगडी मोडली. तो म्हणतो, बाकीच्या आहेत की.
मुठी शाबूत.

२५ ऑक्टोबर, रविवार
नाक डावीकडे वळलं. पाद्रीबुवा म्हणाले, पोरांनो, हा खेळ आहे की खाटीकखाना? केसलर म्हणाला, बुवा, तिथे आधी डोक्यात घालून बेशुद्ध तरी करतात. मी हसलो नाही. ओठाला टाके आहेत.
संकल्प : यापुढे पडताना हात पुढे करायचा.

७ नोव्हेंबर
हात पुढे केला. करंगळी मोडली.

२१ नोव्हेंबर
ग्रॅफ्टन कॉलेजचा रॅफर्टी रस्त्यात भेटला. म्हणाला, काय रे बोचक्या, गुरुवारच्या सामन्यात तुझी मान पिरगाळून घरी पाठवतो. म्हणजे आता सगळ्यांचं लक्ष माझ्यावरच! साहेबांना सांगितलं. त्यांना फारच आनंद झाला. म्हणाले, यंदा नवं अक्षर एकच. ग्रॅफ्टनच्या रेषेपार चेंडू नेईल त्याला. तू फक्त डोळे मिटून हात पोटाशी आवळ, चेंडूचं आम्ही बघतो.

२७ नोव्हेंबर, दवाखाना
डाव्या हाताने लिहितो आहे. जिंकलो! ५-०. शेवटच्या मिनिटाला मला फेकलं. कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलो, वर सातजण कोसळले. खांद्याचं हाड मोडलं. पण हातातलं सोडलं नाही. डॉक्टरांनी एकेक बोट उकलून सोडवलं.
रॅफर्टीचा बूट निघाला.
चेंडू केसलरकडे होता म्हणे. सगळं ग्रॅफ्टन माझ्यावर बसलेलं असताना तो बाजूने चालत गेला.

१ डिसेंबर
अक्षर केसलरला. साहेबांपुढे मांडायला सात मुद्दे लिहून काढले. पण साहेबच आपली ट्रंक घेऊन खोलीवर आले. म्हणाले, बाळ, मला चारची गाडी गाठायची आहे, मुठी परत लाव बघू. एका हाताने उसवल्या, एका हाताने लावल्या. साहेबांनी ट्रंक उचलून झुलवून पाहिली. म्हणाले, अख्ख्या हंगामात एक टाका सुटला नाही, टटल. शाब्बास!
मुद्दे राहून गेले.
वडिलांना लिहिलं, सोमवारी येतो. कोचनी शाब्बास म्हटलं, हेही लिहिलं. कशाबद्दल, ते लिहिलं नाही.